डायबेटीसचे पेशंट आहेत तसेच ठेवायची खात्रीशीर पद्धत

डॉक्टर, तुमच्या दवाखान्यातली डायबेटीस केअरची क्वालिटी सुधारायची असं वरून कोणीतरी ठरवलंय आणि त्या मीटिंगला तुम्हाला बसवलंय, तर आधी घाबरू नका. क्वालिटी अशी सहजासहजी सुधारत नसते. थोडी काळजी घेतली तर वर्षभर प्रोजेक्ट चालवून, फायली भरून, भिंतीवर पोस्टर लावूनसुद्धा सगळं होतं तिथंच ठेवता येतं. आणि खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं तुमच्याकडे चालूच असणार, फक्त ते मनापासून करा एवढंच म्हणणं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यादी करायची नाही. आपल्याकडे डायबेटीसचे एकूण पेशंट किती असं कोणी विचारलं तर "भरपूर आहेत हो, रोज येतात" म्हणायचं आणि विषय बदलायचा. कारण यादी केली की नावं दिसतात, नावापुढे शेवटची व्हिजिट कधी झाली ते दिसतं, शेवटची टेस्ट कधी झाली ते दिसतं, आणि मग लक्षात येतं की यातले कितीतरी लोक वर्षभर फिरकलेलेच नाहीत, जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या चालू आहेत, किंवा गोळ्या बंदच केल्यात. यादी नसेल तर ही माणसं अस्तित्वातच नसतात. समोर येतो तो पेशंट, येत नाही तो ठीक असणार, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असणार. डायबेटीस गोळ्या सोडल्यावर असा गुपचूप बरा होत नाही हे तुम्हाला माहितीये, पण ज्याचं नावच समोर नाही त्याची काळजी करायची तरी कशी? बरं, यादी चुकून झालीच (हल्ली कॉम्प्युटर बटण दाबलं की काढून देतो, हा एक वैताग आहे) तर निदान रिसेप्शनवरच्या मुलीला त्या लोकांना फोन करायला सांगू नका. फोन केला की लोक येतात.

आता टेस्ट. एचबीएवनसी ही जरा चोंबडी टेस्ट आहे. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना किती साखर चिकटली ते ती सांगते, म्हणजे पेशंटचे मागचे दोन-तीन महिने कसे गेले ते सगळं बाहेर येतं. त्यापेक्षा उपाशीपोटीची शुगर बरी, पेशंट टेस्टच्या आधी दोन दिवस शहाण्यासारखा वागतो, रिपोर्ट बरा येतो, तो खूष आणि तुम्ही मोकळे. गाईडलाईन म्हणते कंट्रोल चांगला असेल तर वर्षातून निदान दोनदा एचबीएवनसी करा, नसेल किंवा औषध बदललं असेल तर दर तीन महिन्यांनी. गाईडलाईन काय, म्हणतच असते.

तरी समजा केली आणि आली ८.६ टक्के. इथं खरं कसब लागतं. रिपोर्टकडे बघायचं, चष्म्यावरून पेशंटकडे बघायचं, "वाढलीये थोडी, कंट्रोल करा" म्हणायचं आणि त्याच गोळ्या पुन्हा लिहायच्या. काय कंट्रोल करायचं ते सांगायचं नाही, पेशंटला आपोआप कळतं. तीन महिन्यांनी ८.८ आली की "पुढच्या वेळी बघू, नाहीतर वाढवू". २००१ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी या प्रकाराला क्लिनिकल इनर्शिया असं नाव देऊन ठेवलंय, म्हणजे आकडा समोर दिसतोय, काय करायचं ते माहितीये, आणि तरी हात हलत नाही. लोकांना कशालाही रोग म्हणायची सवय असते.

ही "पुढची वेळ" नवीन पेशंटवर जास्त लागू पडते, हे लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास झाला, १९७७ ला सुरू, निकाल १९९८ ला, नुकताच टाईप २ डायबेटीस निघालेले ५,१०२ लोक त्यात होते. त्यातल्या आकड्यांवरून दिसलं की एचबीएवनसी १ टक्क्यानं (म्हणजे ८ ऐवजी ७) कमी असेल तर डोळे-किडनीसारखी बारीक रक्तवाहिन्यांची गुंतागुंत ३७ टक्क्यांनी कमी. आणि २००८ मध्ये अजून एक गंमत कळली, की ज्यांची शुगर सुरुवातीच्या वर्षांत नीट ठेवली होती त्यांना ट्रायल संपून दहा वर्षं झाल्यावरही फायदा मिळतच होता, जरी त्यांच्या आणि बाकीच्यांच्या एचबीएवनसीमधला फरक वर्षभरातच पुसला गेला होता. म्हणजे सुरुवातीची चार-पाच वर्षं तुम्ही नुसत्या "बघू"वर काढलीत तर पुढचा डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याला ती भरून काढता यायची नाहीत. केवढी दूरदृष्टी!

कोणी फारच वाद घातला तर अकॉर्ड नावाची डायबेटीसची ट्रायल तोंडावर फेका. २००८ मध्ये तिचा शुगर उतरवायचा भाग लवकर थांबवावा लागला, कारण एचबीएवनसी ६ च्या खाली आणायच्या मागे लागलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. ती माणसं बरीच वर्षं डायबेटीस असलेली आणि हृदयविकाराचा धोका जास्त असलेली होती, पण हे वाक्य तुम्ही गाळा आणि चाळिशीतल्या, नुकतंच निदान झालेल्या, ९.५ असलेल्या माणसाला सांगा की फार खाली आणणं धोक्याचं असतं. उलट ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या, जेवणाच्या वेळा न पाळणाऱ्या आजींना मात्र ६.५ च हवी म्हणून गोळीचा डोस वाढवत ठेवा. शुगर फार खाली जाऊन घाम येतो का, थरथर होते का, पहाटे डोकं दुखतं का, हे विचारू नका. आजी बाथरूममध्ये पडल्या तर ते वयामुळे.

पायांचं मात्र नीट ऐका, कारण इथं थोडं फर्निचर लागतं. टेबल असं ठेवा की पेशंट बसला की कमरेच्या खालचा पेशंट तुम्हाला दिसलाच नाही पाहिजे. बूट-मोजे काढायला लावलं की वेळ जातो, बाहेर लाईन थांबते, शिवाय वासबीस. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणून एक नायलॉनचा तंतू मिळतो, तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा आणि कळतंय का विचारायचं, दोन-तीन मिनिटांत कोणाच्या पायाची जाणीव गेलीये ते समजतं, नर्सलासुद्धा येतं. तो ड्रॉवरमध्येच राहू द्या, पॅकिंग फोडू नका. आणि यातली सोय बघा ना, ज्याची जाणीव गेलीये त्याला जखम झाली तरी दुखत नाही, दुखत नाही म्हणून तो सांगत नाही, तो सांगत नाही म्हणून तुम्ही बघत नाही. इतकं गुण्यागोविंदानं चालणारं दुसरं काही दवाखान्यात सापडणार नाही. पुढचं सर्जन बघतो.

डोळ्यांचं सोपं आहे, "दिसतंय ना नीट?" विचारायचं. रेटिना (डोळ्याच्या आतला पडदा) खराब व्हायला लागली तरी बराच काळ नजर चांगली असते त्यामुळे उत्तर "हो" येतं. लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडायला लागली की लघवीत झिरपणारं प्रोटीन) सोडून द्या, किडनीनं काही तक्रार केलीये का?

बीपी आणि कोलेस्टेरॉल हे वेगळं खातं समजा. डेन्मार्कच्या स्टेनो-२ अभ्यासात शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगरेट, व्यायाम असं सगळं एकदम हाताळलं होतं, माणसं जेमतेम १६०, आणि २१ वर्षांनी बघितलं तर ज्यांच्यावर हे सगळं केलं त्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे रांगेत मधोमध येणाऱ्या माणसाचं) ७.९ वर्षांनी जास्त निघालं. पण पेशंट आलाय शुगरसाठी, त्यात बीपी १५० दिसलं तर "चालून आला असाल" म्हणा. दरवेळी चालूनच येतो तो.

टीम वगैरे शब्द मीटिंगमध्ये वापरायला हरकत नाही, प्रत्यक्षात काम वाटून देऊ नका. २०१२ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये शंभराहून जास्त ट्रायल एकत्र करून बघितल्या होत्या, क्वालिटी सुधारायच्या उपायांनी एचबीएवनसी सरासरी ०.३७ नं उतरली, आणि त्याच्या आधीच्या २००६ च्या आढाव्यात सगळ्यात जास्त परिणाम दिसला तो टीममध्ये कामं बदलून दिली तिथं आणि केस मॅनेजमेंटमध्ये (एकेका पेशंटचा पाठपुरावा ठरलेल्या माणसाकडे), त्यातही डॉक्टरच्या सहीची वाट न बघता औषध बदलता येत होतं तिथं जास्त. म्हणजे नर्सला ठरलेल्या नियमानुसार इन्सुलिनचा डोस वाढवता येतो, असलं काहीतरी भयानक. त्यापेक्षा डॉक्टरांचंच अजून एक ट्रेनिंग घ्या. नर्सनं वजन-बीपी केसपेपरच्या अशा कोपऱ्यात लिहावं जिथं तुमची नजर जात नाही.

पेशंट ऐकत नाही हे मात्र दर व्हिजिटला बोलून दाखवा. इन्सुलिन घेऊनही शुगर उतरत नसेल तर पोट बघू नका, तो वर्षानुवर्षं एकाच जागी टोचतोय, तिथं गाठ झालीये आणि औषध नीट शोषलंच जात नाहीये, हे कळलं तर त्याला ओरडता येणार नाही. डोस वाढवा. पुढे त्यानं शहाण्यासारखं जागा बदलून टोचलं की अचानक शुगर पडेल, तेव्हा पुन्हा ओरडता येईल. तसंच डायबेटीसची मेटफॉर्मिन गोळी खूप वर्षं चालू आहे आणि पायाला मुंग्या येतायत, तर त्या गोळीनं व्हिटॅमिन बी-१२ कमी झालंय का ते बघायला जाऊ नका, मुंग्या डायबेटीसच्याच असतात असं धरून चाला.

राहिला वर्षअखेरचा रिपोर्ट, तो सोपा आहे, फक्त शाळेतलं अंश-छेद आठवा. इंग्लंडमध्ये २००४ पासून फॅमिली डॉक्टरांना अशा कामाचे पॉईंट आणि पैसे मिळायला लागले, आणि काही पेशंट हिशोबातून वगळायची सोयही दिली होती, म्हणजे अगदी थकलेली माणसं, वारंवार बोलावूनही न येणारी वगैरे. हेतू चांगलाच होता. तुम्ही त्यातला हेतू सोडा आणि सोय घ्या. आले नाहीत ते वगळा, टेस्ट झाली नाही ते वगळा, एचबीएवनसी ११ आली त्याला "सहकार्य करत नाही" लिहून वगळा, आणि उरलेल्यांत ७ च्या खाली किती ते छापा. टक्केवारी बघून तुम्हालाच भरून येईल. पुढच्या वर्षी वरून टार्गेट वाढवून येईल तेव्हाही एकाही पेशंटला हात लावायची गरज पडणार नाही, छेदात अजून बरीच माणसं शिल्लक असतात.