मज्जारज्जू माकडहाडापर्यंत जात नाही

‘मज्जारज्जू मेंदूपासून माकडहाडापर्यंत जातो’ हे तुमच्या लेखातलं वाक्य चूक आहे. मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातून खाली जाणारा नसांचा जाड दोर. मोठ्या माणसात तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. लांबी साधारण ४५ सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. त्याखाली मणक्यांच्या पोकळीत, पाण्यासारख्या द्रवात सुट्या नसांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा.

एवढं काय त्यात, असं वाटेल. पण गेल्या वर्षी इथं कोल्हापुरात आईचं खुब्याचं ऑपरेशन होतं. पाठीत भुलीचं इंजेक्शन देणार म्हटल्यावर गल्लीतल्या मावशींनी ‘पाय जातील बघ’ म्हणून तिला इतकं घाबरवलं की ती सहीच करेना. शेवटी भूलतज्ज्ञ बाईंनी स्वतःच्या कंबरेवर हात ठेवून दाखवलं: दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडल्या की मधे कंबरेचा चौथा मणका येतो, सुई त्याच्या आसपास जाते आणि रज्जू तर त्याच्या बराच वर संपलेला असतो. खालच्या सुट्या नसा सुईपुढे बहुतेक वेळा बाजूला सरकतात. आईनं लगेच पेन मागितलं. तेवढं माकडहाडाचं वाक्य कृपया दुरुस्त करा. आमच्या मावशींसारखी भीती घरोघरी आहे.