पोत्यावर कोण होतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘पॅपिलॉन’ला, म्हणजे आंरी शारिएर या फ्रेंच कैद्याच्या पलायनाच्या पुस्तकाला, मी निव्वळ आत्मकथन मानत नाही, हे तुम्हाला लागलं. वडिलांच्या उशाशी शेवटपर्यंत तेच पुस्तक होतं, आणि ‘माडांच्या गावात राहून नारळाच्या पोत्यावर शंका घेता?’ असं तुम्ही विचारलंत. रवींद्र गुर्जरांचा अनुवाद मीही दहावीच्या सुट्टीत झपाटल्यासारखा वाचला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

नारळांनी भरलेल्या पोत्यावर तरंगत आपण डेव्हिल्स आयलंड या बेटावरून पळालो, असं शारिएर त्यात सांगतो. सुका नारळ पाण्यावर तरंगतो, हे आमच्या किनाऱ्यावरचं पोरही सांगेल. वाद पोत्याचा नाही, त्यावर कोण होतं याचा आहे. आंरी शारिएरला १९३१ साली खुनासाठी जन्मठेप झाली, दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाच्या कैदी वसाहतीत धाडलं, तो पळाला, अखेर व्हेनेझुएलात स्थिरावला. इथवर ठीक. पण डेव्हिल्स आयलंड मुख्यतः राजकीय कैद्यांचं बेट. देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेल्या द्रेफस या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला १८९५ ते १८९९ तिथंच डांबलं होतं. इतर गुन्हेगार शेजारच्या रॉयल आणि सेंट जोसेफ बेटांवर असत. १९६९ मध्ये पुस्तक आल्यावर जुनी दप्तरं चाळणाऱ्यांना त्यातले बरेच प्रसंग दुसऱ्या कैद्यांचे वाटले.

‘गोष्ट रंगली की झालं’, हे कादंबरीपुरतं मला मान्य. इथं मात्र पानापानावर ‘मी’ आहे. ज्याचं पलायन उचललं गेलं, त्या कैद्याकडे तेवढीच एक कमाई होती.

गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींतही नावं बदललेली असतात, मग त्या खोट्या का, हा तुमचा दुसरा प्रश्न. मुळीच नाही. पोर्तुगीज पोलिसांना चुकवून रात्री हद्दीपलीकडच्या बांद्याकडे निघालेल्याला ज्या घरानं पेज वाढली, त्या घराचं नाव त्यानं गाळलं ते त्या घराच्या जिवासाठी. १९६१ नंतर धोका टळला, तरी दिलेला शब्द होताच. त्यानं दुसऱ्याला झाकलं. शारिएर दुसऱ्याच्या जागी स्वतः जाऊन बसला.

कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराज मार्च १९८६ मध्ये पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तिहारमधून पळाला आणि तीनेक आठवड्यांनी गोव्यात पर्वरीच्या हॉटेलात मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंड्यांच्या हाती लागला. ‘त्या रात्री मी तिथंच जेवत होतो’ म्हणणारे किती तरी जण मला भेटलेत. ओसरीवर बसून ते ऐकायला मला आवडतं. छापून आलं, तर मात्र जो खरोखर तिथं ताटं उचलत होता त्याची साक्ष बुडते.

वडिलांची प्रत जपून ठेवा, ताई. एकांतकोठडीची पानं मी आजही काढून वाचतो. ते दिवस कुणीतरी भोगलेले आहेत. मला त्याचं नाव हवंय.