मार्शमॅलो टेस्टचा मेसेज अर्धवट आहे

तो मेसेज परत फिरतोय, की दुसरं मिळेल या आशेवर समोरचं मार्शमॅलो (मऊ गोड गोळी) न खाता १५ मिनिटं थांबलेलं पोरगं पुढे हमखास यशस्वी होतं. प्रयोग खराय, मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा, पण मुलं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कॅम्पसवरच्याच नर्सरीतली होती. २०१८ मध्ये ९०० हून जास्त मुलांचा डेटा तपासला तर थांबणं आणि पुढचं यश यांचा संबंध आधीच्या निम्माच निघाला, घरची परिस्थिती वगैरे धरल्यावर तर अजूनच घटला. आणि २०१३ चा प्रयोग बघा, आधी चांगले रंग आणतो असं सांगून रिकाम्या हाताने परत आलेल्या माणसासाठी मुलं मार्शमॅलो न खाता सरासरी ३च मिनिटं थांबली, शब्द पाळणाऱ्यासाठी १२! भरवसाच नसेल तर लगेच खाण्यात चूक काय? तेव्हा पोरांवर शिक्के मारू नका आणि तो मेसेज पुढे ढकलू नका प्लीज.