स्टार्ट बटण नाहीये, सांगितलं ना!

पुन्हा तेच. ऑफिसात कुणी माझ्या लॅपटॉपला हात लावला रे लावला की, ‘अरे, याचं स्टार्ट बटण कुठंय?’

नाहीये. डेस्कटॉपवर आयकॉनही नाहीत. लिनक्सवरचा आय-थ्री आहे तो, नुसता विंडो मॅनेजर. खिडक्या शेजारी शेजारी लावणं एवढंच त्याचं काम, आणि ते तो निमूट करतो. त्यावर ठरलेलं उत्तर: ‘हॅकर झालास काय? चांगलं ग्नोम टाक की!’

टाकलं होतं, बाबांनो. ग्नोम म्हणजे लिनक्सचा सगळं आयतं देणारा डेस्कटॉप. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि दर वेळी कुठलं ना कुठलं एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडलेली सोय, आडवं. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं तेव्हा मिनिमाइझचं बटणच गायब. २०१७ मध्ये ३.२६ आवृत्तीने ट्रेमधले, म्हणजे मागे चालू असलेल्या ॲप्सचे, छोटे आयकॉन काढले. परत हवेत? घ्या, आणखी एक एक्स्टेन्शन! माझ्या स्वयंपाकघरात डबे कुठे ठेवायचे हे बिल्डर ठरवणार, असला प्रकार.

आय-थ्रीत सगळी कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्ज, एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. नव्या मशीनवर कॉपी केली की झालं. मॉड म्हणजे आपण ठरवलेली विंडोज किंवा ऑल्ट की. मॉड-एंटर, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) हजर. मॉड-२, ब्राउझर समोर. माउसला हात नाही.

हां, प्रोजेक्टर जोडायचा तर एक्सरँडरची, म्हणजे स्क्रीन जुळवायची, कमांड हाणावी लागते, आणि ती नेमकी सगळे टक लावून बघत असतानाच चुकते. ब्राइटनेसच्या बटणांसाठीही ओळ आपणच लिहायची. मान्य! पण तेवढ्यावरून ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ म्हणणाऱ्यांनी आपापला माउस घेऊन जरा पलीकडे बसावं.