गरम नारळपाणी आणि लघवीची पट्टी

नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. नारळाचे दोन-तीन पातळ काप कपात घ्या, वर गरम पाणी ओता, पाणी अल्कलाइन होतं, रोज प्या. गाठी विरघळतात, सगळ्या प्रकारचे कॅन्सर बरे होतात, फक्त वाईट पेशी मरतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी म्हणे सांगितलंय. दहा जणांना पाठवा, एक जीव वाचेल.

पाठवणारे आमचे धाकटे काका. काका, तुमच्या मायेबद्दल शंका नाही. पण मेसेज वाजला तेव्हा मी लेकाच्या पलंगाशेजारी लघवीची पट्टी हातात धरून उभी होते, तेव्हा उत्तरही तिथूनच देते.

आधी नाव. हा मेसेज खोटा असल्याचं टाटा हॉस्पिटलने केव्हाच जाहीर केलंय. हाच मजकूर कधी गरम लिंबूपाणी म्हणून फिरतो, कधी गरम अननसपाणी. फळ बदलतं, 'दहा जणांना पाठवा' तेवढं कायम.

आता ते 'अल्कलाइन', म्हणजे आम्लाच्या उलट. हा शब्द आमच्या वॉर्डात दिवसातून वीसदा कानावर पडतो. लेकाला रक्ताचा कॅन्सर आहे, एएलएल. सध्या हाय डोस मेथोट्रेक्सेट चालू आहे: पिवळंधमक औषध, चोवीस तास थेंब थेंब. सोबत लघवी अल्कलाइन ठेवायला सलाइनमधून सोडा बायकार्ब जातं. तो लघवीला गेला की मी दर वेळी त्यात पट्टी बुडवते आणि डबीवरच्या रंगांशी ताडून पीएच, म्हणजे ती किती आम्ल किंवा अल्कलाइन आहे ते, पाहते. सातच्या खाली दिसलं की सिस्टरना हाक. "आई, पास झालो का?" हे त्याचं ठरलेलं. पण हे अल्कलाइन करणं कॅन्सर मारायला नाही हो. आम्लधर्मी लघवीत मेथोट्रेक्सेट नीट विरघळत नाही, त्याचे खडे मूत्रपिंडात अडकतात. काम झालेलं औषध सुखरूप बाहेर पडावं म्हणून ही सगळी खटपट. मारायचं काम औषधाचंच. आणि रक्ताचा पीएच शरीर 7.35 ते 7.45 मध्येच राखतं, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं त्यासाठी अखंड राबतात. कपभर पाण्याने तो हलत नाही. हलला तर माणूस आयसीयूत जातो.

'फक्त वाईट पेशी मरतात.' अहो, असं औषध असतं तर माझ्या पोराच्या तोंडात फोड आले असते का? मऊ भातसुद्धा मिक्सरमधून काढून भरवतेय. झपाट्याने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींना औषध गाठतं. म्हणून तर ठरलेल्या तासाला ल्युकोव्होरिन देऊन चांगल्या पेशी सावरतात, आणि रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी उतरेपर्यंत घरी सोडत नाहीत.

गाठ विरघळण्याचं म्हणाल तर याला गाठच नाही. आजार हाडांच्या मगजात आहे. शेजारच्या चिमुरडीचा डोळ्यात आहे, तिची औषधं वेगळी.

'पण नैसर्गिक ते चांगलं,' हे तुमचं फोनवरचं. याला मिळणारं व्हिनक्रिस्टिन मुळात कुंपणावरच्या सदाफुलीतूनच आलं. ते मिलीग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. तेच चुकून मणक्यात गेलं तर जीव जातो.

आणि 'घेऊन बघायला काय जातं?' सांगते. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत आजारी पेशी भराभर फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम रक्तात उतरतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून तेव्हा आम्हाला शहाळं, केळं, संत्र्याचा रस, सगळं बंद होतं. नेमकी त्याच आठवड्यात कुणीतरी प्रेमाने तीन शहाळी आणून दिली होती. मी ती वॉर्डातल्या मावशींना दिली.

राहिलं दहा जणांना पाठवणं. गेल्या महिन्यात याच्या प्लेटलेट नऊ हजारांवर आल्या होत्या. रक्तपेढीत प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, आधीपासून साठवून ठेवता येत नाहीत, दाता ऐन वेळी लागतो. मी याच ग्रुपवर लिहिलं होतं. चार जोडलेले हात आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गरम नारळपाणी.

काका, तुम्ही अजून साठीच्या आत आहात. तुमचा रक्तगट बी पॉझिटिव्हच ना?