बंडखोर गाणे बाजारात खपवू इच्छिणाऱ्यांसाठी

१९८५ च्या सुमारास अमेरिकन रेडिओवर गाजले तसे पॉप-रॉक गाणे ज्यांना रचायचे असेल, त्यांनी सर्वप्रथम बाजारू वृत्तीचा कडाडून निषेध करावा. निषेधाइतका उठाव दुसऱ्या कोणत्याही मालाला नाही. आदर्श म्हणून स्टारशिप या बँडचे ‘वी बिल्ट धिस सिटी’ (‘हे शहर आम्ही उभारले’) हे गाणे समोर ठेवावे. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या जेफरसन एअरप्लेन या बंडखोर बँडचे पुढे जेफरसन स्टारशिप झाले, आणि संस्थापकांपैकी पॉल कँटनर बाहेर पडून नावावरून कज्जेदलाली झाल्यावर नुसते स्टारशिप उरले. नाव असे झिजत गेले, की खप वाढतो.

शब्द स्वतः लिहिण्याच्या भानगडीत पडू नये. गीतकार बर्नी टॉपिनने या गाण्यात मुळात लॉस एंजेलिसमधले गाण्याबजावण्याचे क्लब बंद पडत चालल्याची खंत मांडली होती. अशा खंतीवरून आणखी तिघांचा हात फिरवून घ्यावा, तिला सिंथेसायझरचा मुलामा द्यावा, म्हणजे ती मोटारीत ऐकण्याजोगी होते. कंपन्यांच्या डावपेचांना नावे ठेवणाऱ्या या गाण्याच्या मध्यावर रेडिओ निवेदकाची बडबड येते, आणि तो आवाज आहे लेस गारलँड यांचा, म्हणजे एमटीव्हीच्याच एका बड्या अधिकाऱ्याचा! (याला म्हणतात घरचे कार्य.) त्या बडबडीत सॅन फ्रान्सिस्कोचे वर्णन असले, तरी काही रेडिओ केंद्रांनी तेथे खुशाल आपल्या गावाचे वर्णन किंवा आपल्याच केंद्राचे नाव बसवले, त्यामुळे शहर उभारल्याचे श्रेय ज्याला त्याला आपापल्या गावी मिळाले आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये गाणे ‘बिलबोर्ड’ या संगीत साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिले आले.

गाणे वाजवावे म्हणून रेडिओ केंद्रातल्या माणसाच्या हातावर चोरून पैसे ठेवू नयेत, तो १९६० पासून अमेरिकेत गुन्हा आहे. त्याऐवजी केंद्रांकडून गाणी वाजवून घेणाऱ्या मधल्या दलालाचे, म्हणजे ‘स्वतंत्र प्रचारका’चे, बिल चुकते करावे आणि पुढे काय होते याची चौकशी करू नये. फेब्रुवारी १९८६ मध्ये एनबीसी या अमेरिकन दूरचित्रवाणी कंपनीने नेमकी ती चौकशी केली, तेव्हा मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना या प्रचारकांची ओळखच आठवेनाशी झाली.

जुने गाणे पडून असेल, तर एरिक क्लॅप्टनप्रमाणे ते बिअरच्या जाहिरातीसाठी नव्याने गावे. गायक नील यंगचा कित्ता मात्र गिरवू नये. प्रायोजकांची टिंगल करणारा त्याचा १९८८ चा व्हिडिओ एमटीव्हीने आधी दाखवायचेच नाकारले, आणि पुढच्या वर्षी त्यालाच वर्षातल्या सर्वोत्कृष्ट व्हिडिओचे पारितोषिक दिले. फुकटात केलेला निषेधही अशा रीतीने वाहिनीच्याच पदरात पडला, मानधन वाचले ते वेगळेच.