वहिनी तबला शिकतायत? ताबडतोब हे करा

आपल्या नात्यात, शेजारात किंवा खुद्द घरात पन्नाशीला टेकलेली एखादी बाई अचानक काहीतरी शिकायला लागली तर घाबरू नका. वेळेत लक्ष घातलं तर बहुतेक जणी दोन-तीन महिन्यांत सुधारतात आणि पुन्हा पूर्वीसारख्या संध्याकाळी भाजी निवडत बसतात. मी अजून सुधारलेली नाही. तेव्हा तुमचे प्रयत्न नेमके कुठे कमी पडतात, हे माझ्याइतकं कोण सांगणार?

सुरुवात सोपी आहे. "आता? या वयात?" एवढंच विचारा. पुढचं भुवया बोलतात.

मग फी विचारा, आणि आकडा कितीही असो, "बाप रे!" म्हणा.

त्यानंतर "पण याचं पुढे काय करणार?" हा प्रश्न फार गुणाचा आहे. तुम्ही रोज रात्री अंथरुणात पडून दोन-दोन तास रील्स बघता, त्याचं पुढे काय करणार हे तुम्हाला कुणी विचारत नाही. पण वहिनींनी त्रिताल धरला की त्याचं पुढे काहीतरी झालंच पाहिजे. क्लास काढणार? कार्यक्रम करणार? नाही? मग कशाला मेलं ते?

गांधर्व महाविद्यालयाच्या 'प्रारंभिक'ला, म्हणजे अगदी पहिल्या परीक्षेला, बसतेय असं ती म्हणाली, की लगेच सांगा, "अय्या, ती तर आमच्या ओवीने तिसरीत असतानाच दिली!"

"वाह उस्ताद" म्हणायला विसरू नका. हा विनोद आजवर कुणालाच सुचलेला नाही. झाकीरभाई जन्मले तेव्हा वडिलांनी, म्हणजे अल्लारखाँसाहेबांनी, त्यांच्या कानात तबल्याचे बोल म्हटले होते, असं ते स्वतः सांगायचे. माझ्या कानात वडिलांनी पाढे म्हटले आणि ते निमकीपर्यंत नीट येतातही. पण तुलना करायचीच तर थेट झाकीरभाईंशी करावी, मधलं कुणी घेऊ नये. "बायका कुठे तबला वाजवतात का?" हेही जमल्यास जोडा. त्यावर तिने आबान मिस्त्री, अनुराधा पाल अशी नावं घेतली, तर "कोण?" म्हणून चहा मागा.

रियाजाची वेळ एकदा कळली की घरातल्यांचं काम सुरू. कुकरच्या शिट्ट्या मोजायला, पार्सल घ्यायला आणि "माझा चार्जर कुठंय" विचारायला तीच वेळ राखून ठेवा. सोसायटीतल्यांनी बारावीच्या मुलाचा अभ्यास पुढे करावा. वरच्या मजल्यावर तीन महिने फरशी फुटत होती तेव्हा तो मुलगा बहुधा मामाकडे होता.

आता सवयीबद्दल. "कोणतीही सवय २१ दिवसांत लागते" हा मेसेज, सूर्योदयाच्या चित्रासकट, तिला पाठवाच. हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णांना सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० साली लिहिलं. 'निदान' वाटेत गळला आणि उरलेलं आपल्या फॅमिली ग्रुपवर पोचलं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे तपासून पाहिलं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं निघालं, आणि माणसामाणसातला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्या सवयी कसल्या, तर जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, थोडं पळून येणं. त्यात तबल्यावरचा 'तिट' हा बोल नव्हता! एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. पण तुम्ही ते ध्यानात घेऊ नका. एक दिवस तबल्याचा आवाज आला नाही की जिन्यात गाठून विचारा, "काय, सुटलं वाटतं?"

आणि या सगळ्याला जी पुरून उरेल, तिच्यासाठी रामबाण: चारचौघांत वाजवायला लावा. भरल्या घरात, जेवणं झाल्यावर. "वहिनी, होऊन जाऊ दे!" ती नाही म्हणेल. तो आपला विनय समजायचा. ती पुन्हा नाही म्हणेल. मग घरमालकांच्या भजनी मंडळाचा तबला तिच्यापुढे आणून आदळायचा. तो सुरातून उतरलेला असणारच. तो लावायला ती हातोडी मागेल, तेव्हा "बघा बघा, नखरे!" असं कुणीतरी म्हटलं पाहिजे. मग पाच-सहा मोबाइल वर करायचे.

गेल्या आठवड्यातल्या वास्तुशांतीत हे सगळं अगदी यथासांग पार पडलं. मी 'धाधा तिट धाधा तूना' एवढंच धरलं होतं. हा कायदा, म्हणजे घोटायची बोलांची ठरलेली रचना, डोक्याला एका बैठकीत कळतो. बोटांचं तसं नसतं. 'ति'ला मधलं बोट, 'ट'ला तर्जनी. 'ना' वाजवताना तर्जनी चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर पडते, आणि अनामिकेने शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला नुसतं टेकून राहायचं असतं, दाबायचं नसतं. हे 'नुसतं टेकून' यायलाच महिनेच्या महिने जातात. घरी, दार लावून, संथ लयीत ते कधीकधी जमतं. समोर मोबाइल दिसले की बोट दबतं, 'ना' गुंजायच्या ऐवजी ठप्प होतो आणि लय आपोआप चढते. दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, 'तिट' फसला. सगळे खदाखदा हसले. संध्याकाळी तो तुकडा, बरोब्बर तेवढाच तुकडा, 'पन्नाशीतल्या झाकीर' अशा मथळ्याखाली ग्रुपवर होता. ज्या भाऊजींनी आग्रह केला, त्यांनीच टाकलेला.

आठ वर्षांचं पोर हेच चुकत असतं आणि तुम्ही टाळ्या वाजवता. त्याला तर आपण चुकतोय हेही कळत नसतं. मला कळतं हो! चाळीस वर्षं चांगलं ऐकलेले कान आहेत माझे. माझा हात किती कच्चा आहे हे तुमच्याआधी मला ऐकू येतं. मोठ्या वयात शिकताना सगळ्यात अवघड असतं ते हेच, स्वतःचं वाईट वाजवणं रोज ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. वयाने बोटं जड झाली असतील, त्यांचं मी बघून घेईन. पण वाईट वाजवायला जो एकांत लागतो, तो तुम्ही का खाताय?

आणि हसणारे तरी कोण? लॉकडाऊनमध्ये घेतलेला सिंथेसायझर माळ्यावर टाकणारे. तलावाचा वर्षभराचा पास काढून दोनदा डुंबून आलेले. ज्यांच्या जिमच्या सायकलवर टॉवेल वाळतात ते! तुमचं सुटलं तेव्हा मी चकार शब्द काढला होता का?

भाऊजी, तो व्हिडिओ आजच्या आज काढून टाका. आणि गणपतीला याल तेव्हा माझ्या तबल्याला हात लावू नका. तुम्ही आपल्या झांजा घ्या, आणि निदान आठ मात्रांचा साधा केरवा शेवटच्या कडव्यापर्यंत एका लयीत धरून दाखवा. दरवर्षी दुसऱ्याच कडव्याला पळता तुम्ही सगळे.